टोळचा डावा पाय

त्या आठवड्यात खुंटीला कुठेच बसवेना. उभ्या आयुष्यात जी मुलगी बसण्यासाठीच ओळखली गेली, तिलाच बसवेना, म्हणजे खरं तर गंमत. पण हसायला कुणाला सवड नव्हती. ती खुर्चीवर टेकायची, उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, पाण्याचा पेला भरायची आणि न पिताच ओट्यावर ठेवून द्यायची. आई शिवणयंत्रावरची मान वर न करता म्हणाली, "अगं, एका जागी थांब जरा. तुझ्या येरझाऱ्यांनी माझी शिवण वाकडी जायला लागली."

"मी कुठे काय करतेय?"

"तेच तर. काही करत नाहीयेस आणि घरभर करतेयस."

खुंटी हे वर्गानं दिलेलं नाव. लहानपणी तिला दम लागायचा, म्हणून खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बाकावर बसवून ठेवत. बाकीची पोरं पळायला जाताना जॅकेटं, चष्मे, घड्याळं, अर्धी खाल्लेली सफरचंदं तिच्या स्वाधीन करून जात. कुणाची बाही तिच्या खांद्यावर, कुणाची पिशवी गुडघ्यावर. पुढे दम गेला, नाव राहिलं. आणि नावाबरोबर आणखी एक गोष्ट राहिली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. बसून बसून तिला बघायची सवय लागली होती. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोण चाललंय हे ती चेहरा दिसायच्या आधी चालीवरून सांगायची. गोलकीपरचा उजवा खांदा दुखतोय हे त्याच्या आईच्या आधी तिला कळलं होतं.

अकरावीत विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिनं शारीरिक शिक्षण घेतलं. खेळाचा तास वेगळा आणि हा विषय वेगळा. याला जाडजूड पुस्तक, स्नायूंची नावं, हृदयाचे ठोके, शरीर नवी हालचाल कशी शिकतं त्याचे धडे, लेखी परीक्षा आणि वर प्रात्यक्षिक. वर्गात सगळे पळणारे, फेकणारे, पोहणारे, आणि त्यात ही. आई तोंडात टाचण्या धरून म्हणाली होती, "परीक्षेत काय विचारतात गं? काल कोण जिंकलं ते?" बाबा म्हणाले, "घेऊ दे. घरात एक तरी माणूस शास्त्रशुद्ध धापा टाकेल."

लेखीत ती कायम पहिली यायची. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकापाशी. पण नियमात एक फट होती: ज्याला खेळून दाखवायचं नाही, त्यानं प्रशिक्षक म्हणून परीक्षा द्यावी. एक खेळाडू निवडायचा, त्याच्या हालचालीतला दोष शोधायचा, उपाय सांगायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तो उपाय लागू पडतो हे दाखवायचं. वर्षानुवर्षं या फटीतून कुणी गेलं नव्हतं. खुंटी गेली.

आणि तिनं निवडली टोळ.

टोळ म्हणजे वर्गाची शान. लांबच लांब पाय, गुडघे सतत कशावर तरी आपटलेले, आणि उंच उडी अशी की ती दांडीवरून जाताना बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. ती अर्धगोल वळण घेत पळत यायची, डाव्या पायावर उसळायची, पाठ दांडीकडे करून हवेत आडवी व्हायची आणि मग गादीवर पडून हसायची. का हसतेस म्हणून विचारलं तर म्हणे, वरून सगळं उलटं दिसतं. क्रीडा महाविद्यालयानं तिला जागा देऊ केली होती, पण एक अट घालून: प्रात्यक्षिकात त्यांनी ठरवलेली उंची पार झाली पाहिजे. बाकीच्या विषयांत तिचा उजेड यथातथाच. ही जागा गेली तर काकाच्या टायरच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलंच होतं. "मी आणि टायर," ती म्हणायची, "दोघं गोल गोल फिरू."

दोघींचा सौदा सोपा होता. खुंटी टोळला धडे समजावून सांगणार, टोळ खुंटीची खेळाडू होणार. शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानावर दोघी थांबायच्या. एक पळायची, एक फोन हातात धरून चित्रण करायची.

आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी खुंटीनं घोळ घातला.

तिनं ते चित्रण घरी बसून अगदी संथ गतीनं पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि तिला दोष सापडला. उसळी घेताना टोळचा डावा पाय दांडीला समांतर, आडवा पडत होता. तो पडायला हवा होता गादीच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे तोंड करून. आडवा पडल्यामुळे घोटा दर उडीला आत मुरगळत होता. थोडासाच, पण असंच चालू राहिलं तर एक दिवस काडकन जाणार होता. खुंटीला इतका आनंद झाला की तिची झोप उडाली. पुस्तकातली आकृती आणि जिवंत पाय समोरासमोर ठेवून चूक पकडणं म्हणजे काय, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं टोळला गादीवर बसवलं आणि फोन समोर धरला.

"हे बघ. हा डावा पाय. आडवा पडतोय, दिसतंय? तो त्या कोपऱ्याकडे बघायला हवा. घोटा बघ कसा वळतोय. आणि खांदा आधीच कलतोय. आणि शेवटचं पाऊल जरा लांब पडतंय."

टोळ पडद्याकडे बघत राहिली. "हा माझा पाय?"

"हो मग, कुणाचा?"

"असा दिसतो?"

"असा म्हणजे?"

"काही नाही," टोळ म्हणाली आणि उठून पळायला सुरुवात करायच्या खुणेपाशी गेली.

ती पळाली आणि दांडीपाशी येऊन उभी राहिली. चुकून थांबल्यासारखी. परत गेली, परत पळाली, आणि छातीनं दांडी घेऊन गादीवर गेली. तिसऱ्यांदा दांडीखालून निघून गेली. खुंटीनं दांडी खाली घेतली. मग आणखी खाली. शेवटी ती आठवीची पोरं उडी मारतात त्या उंचीवर आली. टोळ तिथंही थबकली आणि स्वतःच्या डाव्या बुटाकडे बघत उभी राहिली, जणू कुणी परक्यानं तो तिच्या पायात चढवला होता.

"थांब, मी सांगते," खुंटी घाईनं म्हणाली. "तू फक्त टाच..."

"तू नको सांगूस."

"अगं, सोपं आहे. टाच आधी आणि मग..."

"तू काहीही सांगू नकोस."

त्यानंतरचे दोन दिवस तेच. टोळ एकटी आली तरी तेच, सगळ्यांबरोबर आली तरी तेच. तिसऱ्या दिवशी ती जिन्याच्या कठड्याला टेकून खुंटीला म्हणाली, तेही रागानं नव्हे, आणि तेच जास्त लागलं, "आधी मला पायच नव्हता गं. म्हणजे होता, पण तो मला माहीत नव्हता. आता पळायला लागले की तो माझ्या पुढे पुढे पळतो आणि मी त्याच्या मागे."

वर्गाला बातमी कळायला कितीसा वेळ लागणार. गोलकीपरनं जेवणाच्या सुट्टीत आपलं जॅकेट खुंटीच्या खांद्यावरून मुद्दाम उचलून घेतलं. "नको बाई. तुझ्याकडे ठेवलं आणि तू बाहीत काही दोष काढलास, तर मला हात घालता यायचा नाही." सगळे हसले. खुंटीही हसली, कारण विनोद बरा होता. मग मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तिला चैन पडेना ते एवढ्यासाठी नव्हतं. एक विचार होता, तो कपड्यात राहिलेल्या टाचणीसारखा बसू देत नव्हता. मी सांगितलं ते टोळच्या घोट्यासाठी सांगितलं, की इतकी वर्षं लोकांची जॅकेटं सांभाळणाऱ्या मला एकदा तरी कुणाला हवेत अडवून बघायचं होतं? ती स्वतःला नाही म्हणायची. मग चार पावलं चालायची आणि पुन्हा विचारायची.

शारीरिक शिक्षणाच्या मॅडम खेळाच्या सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत बसल्या होत्या. एके काळी त्या भालाफेक करायच्या. अजूनही खडू फेकला तर मागच्या बाकापर्यंत सरळ जायचा. खुंटी दारात उभी राहिली, आत आली, पुन्हा दारात गेली.

"ये तरी नाहीतर जा तरी," मॅडम म्हणाल्या. "वारा लागतोय."

"मॅडम, माझं चुकलं."

"ते शाळेला माहीत आहे. किती गोष्टी सांगितल्यास तिला एका दमात?"

"तीन. चौथी सांगणार होते."

"आणि पहिल्या चाचणीत कौशल्याच्या धड्यावर प्रश्न आला होता, त्याचं उत्तर काय लिहिलं होतंस?"

खुंटीला ते पाठ होतं. तिनं भिंतीवरच्या जाळ्यांकडे बघत म्हणून टाकलं, "नवशिक्या खेळाडूला हालचालीचा विचार करावा लागतो. सरावानं हालचाल आपोआप होऊ लागते. अशा वेळी त्याचं लक्ष एकेका अवयवाकडे वेधलं तर सगळी हालचाल कोलमडू शकते."

"गुण किती दिले होते मी?"

"पैकीच्या पैकी."

मॅडमनी पंप दोनदा दाबला. "दिले ते दिले. आता परत घेता येत नाहीत." चेंडू दाबून बघत त्या जरा मऊ झाल्या. "हे बघ, दोष तू बरोबर पकडलास. मी दोन वर्षं तिची उडी बघतेय, माझ्या डोळ्यांना तो दिसला नाही, कारण मी दांडीकडे बघत होते. पण दिसलं ते बोलून दाखवलंच पाहिजे असं नाही. तुला बदलायचं असेल तर उद्यापर्यंत सांग. प्रशिक्षकातून काढून तुला गोळाफेकीत टाकते. पास होशील कशीबशी."

"आणि टोळ?"

"टोळ उडी मारेल, नाहीतर नाही मारणार. माझ्याकडे गोळी नाही त्यावर."

"मी तिची प्रशिक्षक नाही राहिले तर तिला बरं वाटेल का?"

"ते मला काय विचारतेस? तिला विचार."

पण विचारायला तोंड कुठे होतं?

घरी आली तर ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बाळाला पाजत बसली होती. ताई बाळंतपणाला आली ती अजून इथंच होती. बाळ एवढंसं, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचा न्हावी म्हणे, मला घड्याळ लागत नाही. आत्ता मात्र गुपचूप होतं, नुसते गिळण्याचे बारीक आवाज. खुंटी खोलीत फेऱ्या घालू लागली.

"बस," ताई कुजबुजली. "तू फिरलीस की ते मान वळवून बघतं, आणि मान वळवताना सोडत नाही. मला लागतं."

खुंटी जमिनीवरच बसली. बसल्या बसल्या तिनं सगळं सांगून टाकलं. ताई ऐकत होती, बाळाच्या कानामागचा घाम बोटानं टिपत होती.

"दवाखान्यात माझंही असंच झालं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तिघी आल्या. एक म्हणाली, मान अशी धर. दुसरी म्हणाली, पाठ टेकव, खांदे सोड. तिसरी म्हणाली, त्यानं तोंड मोठं उघडेपर्यंत थांब. तिघी बरोबर होत्या बरं का. खोटं कुणीच सांगितलं नाही. पण माझे हात काही माझे राहिले नाहीत. बाळ रडतंय, मी रडतेय, तिघी शिकवतायत."

"मग?"

"मग आई आली. ती काहीच बोलली नाही. माझ्या कोपराखालची उशी काढली, दुसरी जाड उशी ठेवली. आणि विचारत बसली, मागच्या खोलीचे निळे पडदे विकायचे की ठेवायचे. मला इतका राग आला. आत्ता पडदे? माझं पोर उपाशी आणि हिला पडद्यांचं पडलंय? मी चांगली भांडायला लागले. भांडता भांडता खाली बघते, तर हे महाशय पीत होते."

खुंटी हाक मारून म्हणाली, "आई, तू ते मुद्दाम केलंस ना? पडद्यांचं?"

शिवणयंत्र थांबलं. "कसले पडदे?"

"ताईला दवाखान्यात विचारलेस ते."

"मुद्दाम कशाला? मला खरंच ठरवायचं होतं," आई म्हणाली. "अजून पडून आहेत ते."

ताई हसली, तसं बाळ दचकलं आणि पुन्हा प्यायला लागलं. खुंटीला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोक्यात पडदे नव्हते, उशी होती. कोपर वर धर असं कुणी म्हटलं नव्हतं. कोपराखालची जागाच उंच केली होती.

टोळचा पाय आडवा का पडत होता? कारण ती दांडीच्या खांबाला फार चिकटून वळत होती. शेवटच्या क्षणी तिला पायाला हिसका द्यावाच लागत होता. आणि ती चिकटून वळत होती कारण तिची खूणच तिथं होती. जिथून पळायला सुरुवात करायची ती खडूची खूण, दोन वर्षांपूर्वी टोळ हातभर बुटकी असताना ठरवलेली. खूण बाहेर सरकली तर वळण ऐसपैस होईल आणि पाय आपला आपण सरळ पडेल. पायाला काही सांगायलाच नको.

फक्त एक अडचण होती, आणि ती उडी मारणाऱ्यांनाच कळेल. त्यांची खूण म्हणजे त्यांचा जीव. ती खांबापासून स्वतःच्या पावलांनी मोजायची, स्वतःच्या हातानं आखायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. एकदा गोलकीपरचा चेंडू घरंगळत येऊन टोळची खूण पुसली गेली, तर ती महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

टोळ मैदानाच्या कडेच्या बाकावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. परीक्षा उद्यावर आली होती.

"गोळाफेकीत गेलीस म्हणे," ती म्हणाली.

"नाही गेले."

"जा की. निदान एक तरी पास होऊ."

खुंटी समोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं वाटेत चार प्रकारे जुळवलं होतं. चारही प्रकार पळून गेले. "तुझी खूण मला लावू दे," ती म्हणाली.

टोळनं मान वर केली. "कुठे लावणार?"

"सांगणार नाही."

"का?"

"सांगितलं की तू त्याचा विचार करणार."

लांब कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं, ते जवळ आलं, वळलं, लांब गेलं. "तू परत माझ्या डोक्यात काहीतरी घालणार," टोळ म्हणाली.

"नाही घालणार. तोंडच उघडणार नाही."

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"भिजवेन."

"आणि ही पण उडी गेली तर?"

खुंटीला खोटा धीर देता आला असता. "तर माझ्यामुळे जाईल," ती म्हणाली. "तुझ्यामुळे नाही."

टोळ उठली, तिनं खिशातला खडू काढला. तो देताना तिनं हात जरा मागे घेतला, मग दिला. "लाव. मी बघणार नाही," ती म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली.

त्या संध्याकाळी दांडीऐवजी दोरी बांधून त्यांनी काही उड्या करून पाहिल्या. एक गेली, एक अडली, एक मधूनच सोडून दिली. त्यावरून काही सांगता येईना. खुंटीनं ओठ इतके घट्ट मिटून घेतले होते की घरी आल्यावर जबडा दुखत होता.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, हातातल्या फळीला लावलेले कागद वाऱ्यानं सारखे फडफडत होते. त्यांनी दांडी त्या ठरलेल्या उंचीवर लावून घेतली आणि खुंटीला नियम वाचून दाखवला. तीन प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नानंतर प्रशिक्षकानं दोष सांगायचा, उपाय सांगायचा, स्पष्ट आणि मोठ्या आवाजात, म्हणजे परीक्षकालाही ऐकू आलं पाहिजे. बाकी वर्ग मागे गवतात बसला होता. मॅडम हाताची घडी घालून खांबाशी उभ्या होत्या.

पहिला प्रयत्न. टोळ आली, वळली, उसळली, आणि कमरेनं दांडी पाडली.

खुंटीनं पाहिलं होतं. पाय पुरता आडवा नव्हता आणि सरळही नव्हता. वळण अजून जरा मोठं हवं होतं.

"हं," परीक्षक म्हणाले. "काय चुकलं? सांगा तिला."

खुंटी चालत खुणेपाशी गेली, बुटानं जुनी रेघ पुसली आणि पाऊलभर बाहेर नवी ओढली.

"तोंडानं सांगा," परीक्षक म्हणाले.

"सांगायचं नाहीये, सर."

"म्हणजे दोष समजला नाही?"

"समजलाय."

"मग बोला. सूचना द्यायचेच गुण आहेत इथं. मला ऐकू आल्याशिवाय मी लिहू काय?"

मागे गवतात कुजबुज झाली. जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं, आकृतीसकट, पुस्तकातल्या शब्दांसकट. एका वाक्यात पूर्ण गुण मिळाले असते. आणि समोरून टोळ येत होती, नजर हळूहळू खाली उतरत होती, कंबरेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून डाव्या बुटावर.

टोळचं लक्ष पायावरून उडवायला खुंटीनं वेळेला म्हणून घरून एक विषय ठरवून आणला होता. तो आठवेना. आठवलं ते भलतंच.

"ए," ती म्हणाली, "ते बेडकांचं पुस्तक परत केलंस का?"

टोळ थांबली. "कुठलं?"

"माझ्या नावावर ग्रंथालयातून नेलेलं. त्या बाई मला आत पाऊल टाकू देत नाहीत."

"अगं, ते... आहे."

"आहे म्हणजे कुठे?"

"घरीच आहे. जरा भिजलंय."

"भिजलंय?" आता खुंटीला खरोखरच राग आला. "भिजलंय म्हणजे काय? कशानं भिजलं?"

"नंतर सांगते ना."

"नंतर नाही. किती भिजलंय? पानं चिकटलीत?"

"अगं, परीक्षा चाललीये माझी," टोळ म्हणाली, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत खुणेवर जाऊन पळत सुटली.

ती पळाली ती पुस्तक चुकवायला पळावं तशी, मान थोडी मागे, चेहऱ्यावर अपराधी भाव. ऐसपैस वळण घेतलं. डावा पाय पडला, कोपऱ्याकडे तोंड करून, पुस्तकातल्या आकृतीत आहे तसा, नव्हे, त्याहून देखणा. मग ती वर होती, आडवी, आणि दांडीला वाऱ्याशिवाय कुणी शिवलं नाही.

गादीवरून हसू ऐकू आलं.

गोलकीपर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मॅडमनी हाताची घडी सोडली आणि पुन्हा घातली. परीक्षक मात्र खुंटीकडेच बघत होते. "तिला तुम्ही काय सूचना दिलीत?"

"पुस्तकाबद्दल विचारलं, सर."

"ते ऐकलं मी. आणि ती खूण?"

"खूण बाहेर नेली. ती खांबाला चिकटून वळायची, म्हणून पाय..." ती अडखळली. टोळ गादीवरून उतरून इकडेच येत होती, कान टवकारून.

"पाय काय?"

"ती पाणी प्यायला गेली की सांगू का?"

"माझ्याकडे अजून वर्ग पडलाय," परीक्षक म्हणाले. ते जरा वेळ जमिनीवरच्या दोन रेघांकडे बघत राहिले, पुसलेल्या आणि नव्या. मग त्यांनी फळीवरच्या कागदात काहीतरी लिहिलं. किती लिहिलं ते कळलं नाही. वाऱ्यानं कागद उलटला. "दांडी वर घ्या," ते ओरडले. "हिला अजून उड्या मारायच्यात ना?"

टोळ धापा टाकत जवळ आली. केसांत गादीचा स्पंज अडकला होता. हसत होती, पण डोळे हसत नव्हते. तिला वरच्या उंचीसाठी पुन्हा पळायचं होतं. तिनं आवाज खाली आणला.

"पाय कसा पडला?"

खुंटीनं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं. सगळ्या मैदानाला सांगायचं होतं, तो कसा पडला, घोटा कसा सरळ राहिला, टाच कशी टेकली आणि उचलली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी दांडीकडे बघत होते."

टोळ तिच्याकडे बघत राहिली. विश्वास बसला की नाही ते खुंटीला कळलं नाही.

"पानं नाही चिकटलेली," टोळ म्हणाली. "फक्त बेडूक जरा फुगलेत." आणि खाली न बघताच ती खुणेपाशी जाऊन उभी राहिली.